वाळीत टाकणाऱ्यांची नावं

सोमवार, ४ मार्च

कामगार कचेरीतला कारकून म्हणाला, "रोजचं रोज लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण, काय केलं. नुसतं त्रास होतो म्हटलं की साहेब अर्ज बाजूला सारतात." म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून पेन धरलं ते सहीपुरतंच, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

तर आज. सकाळी सातला दवाखान्याच्या धुलाईखान्यात हजर झाले. घडीच्या खोलीत मला धरून आम्ही अकरा जणी. दुपारी तीनपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. शिवी दिली नाही, धक्का मारला नाही, डबा लपवला नाही. 'कोण' या रकान्यात दहा जणी बसतात. 'काय केलं' या रकान्यात काय लिहू? पहिल्याच दिवशी अडले.

मंगळवार, ५ मार्च

सुरुवात कशी झाली तेही लिहा म्हणाला होता.

बॉयलरच्या खोलीत एक वही असते. दर तासाला पाणी किती तापलंय ते बघून लिहायचं, सत्तरच्या खाली गेलं तर सगळा घाणा पुन्हा धुवायचा, असा नियम. वही बॉयलरमामांकडे. त्यांनी वर्षानुवर्षं सत्तर लिहिलं, अधूनमधून बदल म्हणून एकाहत्तर. डिसेंबरात एक दिवस त्यांची दाढ ठणकत होती. मला म्हणाले, "ताई, मी डॉक्टरकडे जाऊन येतो, तेवढी दोन तास वही बघा." मी बघितली. वहीही बघितली आणि काटाही बघितला. काटा बावन्नवर होता. मी बावन्न लिहिलं. तासाभरानं परत बावन्न.

यात शूरपणा काही नव्हता. काट्याकडे बघायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीला तपासणीस आले, तर एवढ्या सत्तरांमध्ये दोन बावन्न त्यांच्या डोळ्यांत भरले. चौकशी झाली, मामांना काढलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. जाताना त्यांनी सगळ्यांना हात जोडले, मलाही. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून हे असं आहे. पाठीमागे मला काटेवाली म्हणतात. नाव बरं आहे. तोंडावर म्हटलं असतं तर बोलल्यासारखं तरी झालं असतं.

शनिवार, ९ मार्च

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं तिनं धरायची, दोन मी, ताणून झटकायची, अर्धी करायची आणि चालत एकमेकींकडे यायचं. माझी जोडीदारीण थोरली. वयानं आणि आवाजानं ती सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. नऊ वर्षं आम्ही दिवसातून दोनतीनशे वेळा एकमेकींकडे चालत आलो. तिच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या नवऱ्याचं शेवटचं दुखणं, सगळं त्या चादरींवर बोलून झालं.

आता ती दुसरीबरोबर घालते. मी एक कड टेबलाच्या खणात चिमटते, खण लावून घेते आणि एकटीच ताणते. घडी येते. कोपरे जुळत नाहीत. वॉर्डातल्या माणसाला त्याचं काय, पण मला रोज ते न जुळलेले कोपरे गठ्ठ्यात ठेवताना चोरी केल्यासारखं वाटतं.

नोंदवण्यासारखं: ११.२० वाजता माझी चादर खणातून सुटून जमिनीवर पडली. थोरली दोन हातांवर होती. तिचा हात पुढे आला होता, मग तो तिनं पदराला पुसला.

गुरुवार, १४ मार्च

कचेरीत गेले. कारकून अर्जाचा मथळा विचारत होता. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस आहे, पण मनानं बरा.

मी म्हटलं, "सहकाऱ्यांचं असहकार्य, असं लिहा."

"बाई, याला चांगला चालता शब्द आहे. वाळीत टाकणं."

"छे हो! वाळीत टाकायचं म्हणजे माणसं बसावी लागतात, ठरवावं लागतं, कोणीतरी उठून सांगावं लागतं की उद्यापासून हिच्याशी बोलायचं नाही. आमच्याकडे कोणी काही ठरवलं नाही."

"मग दहा जणी एकाच दिवशी मुक्या झाल्या? साथ आली होती का?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी समोर बसून माझी थट्टा केली. त्यानं मथळा लिहिला. शब्द माझ्या नावाशेजारी लिहिलेला बघून कसंतरीच झालं, एखाद्या रोगाचं नाव केसपेपरवर वाचावं तसं.

पुढे छापील प्रश्न होता: या ठिकाणी पूर्वी असा प्रकार घडला आहे का? मी सांगितलं, नाही.

घरी येताना घारीची आठवण झाली, बारा वर्षांपूर्वी आमच्याबरोबर घडीला होती ती, घाऱ्या डोळ्यांची. पण तिचं वेगळं होतं. ती छातीच्या दुखण्यानं सहा महिने आमच्याच दवाखान्यात खाटेवर होती आणि बरी झाल्याची चिठ्ठी घेऊन कामावर परत आली. तिला कोणी काही म्हटलं नाही. जपून राहायचो, एवढंच. मग ती आपणहून सोडून गेली.

रविवार, १७ मार्च

भाचीचा फोन. उचलल्या उचलल्या म्हणाली, "काय मावशी, आम्हाला वाळीत टाकलंस की काय? दोन महिने फोन नाही!"

मी म्हटलं, "हो, टाकलं. तुझा नवरा घोरतो म्हणून." दोघी हसलो. तिला काही सांगितलं नाही. ती घाबरून धावत येईल आणि दोन दिवसांनी निघून जाईल, मग खोली आणखी मोठी वाटते.

फोन ठेवल्यावर तिचं वाक्य डोक्यात राहिलं. आपण हा शब्द किती सहज वापरतो. लग्नाला बोलावलं नाही, वाळीत टाकलं. चहाला हाक मारली नाही, वाळीत टाकलं. नवऱ्याचं जुनं शाळेतलं शब्दकोशाचं पुस्तक काढलं. त्यात एका ओळीत अर्थ दिला आहे, संबंध तोडून समाजाबाहेर काढणे. पुस्तकात तेवढाच मावतो. दुपारी डबा उघडला की दहा जणींचं बोलणं एकदम हळू होतं आणि मी बंद केला की पुन्हा वाढतं, ते कुठल्या ओळीत लिहिणार?

शुक्रवार, २२ मार्च

सुपरवायझरनं बोलावलं. तो सगळ्यांशीच तुटक बोलतो, त्यामुळे आजकाल मला तोच जवळचा वाटतो. म्हणाला, "तुमच्यामुळे घडीचं काम मागे पडतंय. तळघरात मळके कपडे निवडायला माणूस हवंय. तिथं एकट्याचंच काम आहे, तुम्हालाही बरं."

निवृत्तीला मला सहा वर्षं आहेत. सहा वर्षं तळघरात, रक्ताचे आणि ओकारीचे कपडे आणि मी. मी म्हटलं, माझा अर्ज आहे कचेरीत. तो म्हणाला, "सोळा एप्रिलला सुनावणी. तोवर थांबतो. साक्षीदार आहे का तुमच्याकडे?"

नाही. दहा जणींपैकी कोण येणार?

बुधवार, २७ मार्च

कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, आत्ताचं कोणी नसेल तर पूर्वीचं चालेल, पण त्या ठिकाणी असंच होतं हे सांगणारं कोणीतरी हवं. "आठवून बघा. एखादी सोडून गेलेली?"

मी बरंच आठवत असल्यासारखं केलं. मग म्हटलं, एक होती.

गेटवरच्या वॉचमनला सगळ्या जगाचे पत्ते ठाऊक. घारी आता पोहण्याच्या तलावावर असते, कपाटांच्या किल्ल्यांच्या खिडकीत.

रविवार, ३१ मार्च

आज खूप लिहायचं आहे.

तलावावर नुसता कल्ला. खिडकीत घारी, केस पांढरे, डोळे तेच. माझी तर तिला ओळखच लागली नाही. लागणार कशी? बारा वर्षांपूर्वी मी पाप्याचं पितर होते, आणि घडीच्या खोलीत आम्ही टोपी घालून आणि तोंडाला फडकं बांधून असायचो. मी सांगितलं, धुलाईखान्यात काम करते, माझ्याशी कोणी बोलत नाही, साक्षीदार हवा आहे.

तिनं खिडकीवर पाटी उलटी केली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. "अजून तेच चाललंय तिथं? बस गं. तू माझ्यानंतर आलीस ना?"

मी म्हटलं, "हूं."

इतका छोटा आवाज. खोकला आल्यासारखा निघून गेला.

मग ती तासभर बोलली, आणि मी बोलले. कोणाशी तरी एक तास! काय काय बोललो. गुडघे, बसचं वेळापत्रक, पोहायला येणाऱ्या एका म्हाताऱ्याची रोज हरवणारी किल्ली. तिनं तिच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं, आणि मी खाल्लं. परत निघताना माझा हात धरून म्हणाली, "येईन मी सोळाला. तू एकटी नाहीस."

मधे तिनं पेल्याचं सांगितलं. पाण्याच्या पिंपाजवळ बारा पेले असायचे, सगळे एकसारखे. एक दिवस तिला एका पेल्याच्या बुडाला ओरखड्याची खूण दिसली, फुलीसारखी. तो पेला कोणी घेत नव्हतं, नेहमी तोच तिच्यासाठी उरायचा. "बाकीचं सगळं विसरले बघ. न बोलणं, उठून जाणं. पण ती खूण कोणीतरी बसून केली होती. वेळ काढून. ते जात नाही डोक्यातून."

कोणी केली ते कळलं का, मी विचारलं.

"बॉयलरवाल्यानं. हत्यारं त्याच्याकडेच असायची. तोंडावर तेवढा एकटा माझ्याशी बोलायचा, ताई कशा आहात म्हणून विचारायचा. म्हणून तर जास्त लागलं."

सोमवार, १ एप्रिल

पेल्याचं मला काही आठवत नाही. बारा वर्षं झाली.

कामावर: नेहमीप्रमाणे.

गुरुवार, ४ एप्रिल

आठवतं.

पिंपाच्या वर भिंतीत एक सैल खिळा होता, कॅलेंडरचा. जेवणाच्या सुट्टीत मी तो काढला, पेला मांडीवर पालथा घेतला आणि फुली ओढली. एकदा ओढून उमटेना, म्हणून तीन-चारदा. खिळा परत भिंतीत खोचला. थोरली शेजारी शेंगा सोलत होती. म्हणाली, "बरं केलंस, आता रोज विचार करायला नको." मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मी तेव्हा नवी होते आणि माझ्याशी फारसं कोणी बोलत नसे. त्या दिवसानंतर सगळ्या बोलायला लागल्या.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. मला घारीचा राग नव्हता. तिचं काही वाईट व्हावं असंही नव्हतं. सोय म्हणून केलं होतं. रोज रोगट माणसांच्या चादरी हाताळणाऱ्या आम्ही, आणि एका पेल्याला भ्यालो.

आणि मामांनी केलं असं ती धरून बसली आहे. मामांनी!

रविवार, ७ एप्रिल

परत तलावावर गेले. सांगायचं ठरवून गेले होते. तिनं मला लांबून बघितलं आणि खिडकीतूनच हात केला, "आली गं माझी मैत्रीण!" शेजारच्या तिकिटवाल्याला ओळख करून दिली. माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. तलावाच्या कडेला पाय सोडून बसलो, दोन म्हाताऱ्या, साड्या गुडघ्यापर्यंत धरून.

सांगितलं नाही.

कामावरचा आठवडा मी त्या तासाच्या आधारावर ढकलते. खरं सांगितलं की साक्षीदार जाईल, अर्ज जाईल, मी तळघरात जाईन. हे सगळं लिहायला सोपं आहे. खरी भीती त्याची नाही. तिनं मला मैत्रीण म्हटलं, ते जाईल.

शुक्रवार, १२ एप्रिल

डब्याच्या वेळी बसून आठवत होते. 'मला वाळीत टाकलं' असं म्हणणारे खूप ऐकले. 'अमक्याला वाळीत टाकलंय' असंही ऐकलं. पण गंमत सोडली तर 'मी टाकलं' असं आपल्या तोंडानं म्हणणारं माणूस मला या जन्मात भेटलं नाही. टाकणारे सगळे जातात कुठे? बहुतेक जेवायला बसतात, आमच्यासारखे.

नाही सांगायचं. ठरलं. सुनावणी होऊ दे, घडीच्या खोलीत राहू दे, मग एखाद्या दिवशी बघू. मामा कुठे ऐकायला येणार आहेत? त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

मंगळवार, १६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

खोली छोटी, पंखा मोठा. साहेब मधे, कारकून कडेला. एका बाजूला सुपरवायझर आणि थोरली, सगळ्या जणींच्या वतीनं. दुसऱ्या बाजूला मी आणि घारी. घारीनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली होती. स्वतः पिऊन मग माझ्यापुढे केली. मीही प्यायले.

थोरलीनं सांगितलं, आमच्याकडे असलं काही नाही, कामात बोलायला वेळ कुठे असतो. सुपरवायझरनं मान हलवली.

मग घारी उभी राहिली. बारा वर्षांपूर्वीचं तिनं बोटावर मोजल्यासारखं सांगितलं. कोण उठून जायचं, कोण फडकं तोंडावर वर ओढायचं. साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "वाळीत टाकणाऱ्यांची नावं, असा रकाना करा आणि सांगतील तशी लिहा." तिनं सहा सांगितली. थोरलीचं पहिलं. बाकीच्यांचे चेहरे आठवत नाहीत म्हणाली. शेवटी पेल्याची गोष्ट आली.

"खूण कोणी केली?" साहेबांनी विचारलं.

"बॉयलरवाल्यानं. दवाखान्यानं आता काढलं ना ज्याला, त्यानं."

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. तिला माहीत होतं. पण ती बोलली असती तर पेल्याला खूण होती हे कबूल झालं असतं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे आमच्याकडे असलं काही नाही. म्हणजे तिच्याकडून मला धोका नव्हता. मला कोणाकडूनच धोका नव्हता. कारकुनानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मामांचं नाव लिहायला सुरुवात केली. मला त्याच्या पेनाचं टोक दिसत होतं.

मी म्हटलं, "त्यांनी नाही केली. ते नका लिहू. मी केली."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही अर्जदार आहात."

"हो. तेव्हा मी तिथंच होते. खूण मी केली. त्या रकान्यात माझं नाव घाला."

"याचा तुमच्या अर्जावर परिणाम होईल, कळतंय ना?"

कळत होतं. कारकून पेन वर धरून थांबला. साहेबांनी घारीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती माझा चेहरा शोधत होती, फडक्याच्या वरचा, बारा वर्षांपूर्वीचा. सापडल्याचं मला दिसलं. मग ती खाली बसली आणि साहेबांना म्हणाली, "लिहा."

निकाल पंधरा दिवसांनी. कारकून दारापर्यंत आला. थोरली आणि सुपरवायझर पुढे निघून गेले.

घारी जिन्यात माझ्या पुढे होती. मी चार पायऱ्या मागे. ती खालच्या वळणावर थांबली, कठडा धरून. मागे वळली नाही.

"कशानं केलीस?"

"खिळ्यानं. कॅलेंडरच्या."

"मला वाटायचं, टोच्यानं," ती म्हणाली. "बारीक होती ना फार."

मग ती उतरून गेली. थांब्यावर आमची दोघींची एकच बस. ती आली तेव्हा घारी चढली आणि मी मागे झाले. पुढची पाऊण तासानं होती. मी बाकावर बसून राहिले.